ओरखडा

दर गुरुवारी, दुपारच्या चहानंतर,
डोरीन तीच तबकडी लावते.
वुल्वरहॅम्प्टनच्या या घरात आम्ही चौदा जण,
पाच चाकांच्या खुर्च्या, दोन ऑक्सिजनच्या नळ्या,
आणि पडद्यावर एकवीस वर्षांची नायिका,
जी होडीत बसताना अजूनही
पदर पाण्यात सोडते.
भिजेल गं, आवर तो, असं हंसाबेन
दर गुरुवारी तिला सांगतात. गुजरातीत.
पंचावन्न वर्षं झाली, ती ऐकत नाही.

कथा म्हणाल तर काहीच नाही.
तो गरीब, ती कुणाची तरी मुलगी,
एक गैरसमज, एक उशिरा पोचलेलं पत्र,
आणि मधे सात गाणी.
माझी नात विचारते, आजी, त्याने फोन का नाही केला?
तिला कसं सांगू,
मिरजेला बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा,
काय बोलायचं ते कागदावर लिहून न्यायचं,
आणि तीन मिनिटांतली दोन
"ऐकू येतंय का"मध्येच जायची.

पहिल्यांदा पाहिला तो अडुसष्ट साली,
रविवारी सकाळी, भाड्याने घेतलेल्या थिएटरात.
बाहेर बर्फ. आत ओल्या लोकरीचा वास,
संत्र्याची सालं, रडणारी पोरं.
मी न्यू क्रॉसची रात्रपाळी उरकून तशीच आलेली.
शेजारी यशवंत.
(आता नावाने म्हणते. तेव्हा नव्हते म्हणत.)
लग्नाला चार महिने, त्यातले अडीच
त्याची दिवसपाळी, माझी रात्र.
होडीचं गाणं सुरू झालं
तेव्हा त्याने स्वतःचा मफलर काढून
माझ्या गुडघ्यांवर ठेवला,
पडद्यावरची नजर न हलवता.
एवढंच.

मग चाळीस वर्षं
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत
तेच गाणं, बेसूर,
आणि "साहिल"च्या जागी "सायकल".
नायक किनाऱ्याची वाट पाहतोय,
आमचे हे सायकलची.
मी म्हणायचे, अहो, साहिल. म्हणजे किनारा.
तो म्हणायचा, आटपाडीच्या माणसाला कसला किनारा?
सायकल होती, ती खरी.

तबकडीवर नेमका तिथेच ओरखडा आहे.
नायक तोंड उघडतो आणि थिजतो,
वल्ह्यावरचं पाणी हवेत,
अकरा सेकंद.
तेवढ्यात आम्ही गातो.
गुरबचनसिंग खर्जात, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेला गळा.
हंसाबेन कंपालात मागे राहिलेल्या कुणासाठी तरी,
नाव सांगत नाहीत.
नाझिमभाई नुसती बोटं हलवतात.
आणि मी, घसा साफ करून, मोठ्याने:
सायकल.

नाताळात कुणाच्या तरी मुलाने नवी प्रत पाठवली.
धुतलेली, उजळलेली.
चमकीतले खडे मोजून घ्यावेत इतकी नायिका स्पष्ट.
कुठे अडली नाही.
साहिल आला, परीटघडीचा, आणि गेला.
कुणी तोंड उघडलं नाही.
गुरबचनसिंगांनी चष्मा पुसला,
म्हणाले, चहा गार झाला आज.

पुढच्या गुरुवारी मला ताप होता.
वरच्या खोलीत पडून होते, दार किलकिलं.
खालून होडीचं गाणं आलं
आणि थांबलं. तिथेच.
म्हणजे जुनी लावली.
खर्ज आला, जरा उशिरा. हंसाबेन आल्या.
मग एक जागा रिकामी,
मला वाटलं, उठावं,
पण पायात त्राण नव्हतं.
आणि डोरीन,
आई जमैकाची, जन्म डडलीचा,
"पाणी" सोडून आमचा एक शब्द येत नाही जिला,
कपबशा गोळा करता करता म्हणाली:
सायकल.

सुरात.
त्याला कधी जमलं नव्हतं.